शेवटचा बाण सांगेल तेवढेच पौंड

२०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी एकाच दिवशी कंपाउंड धनुष्याच्या वैयक्तिक प्रकारात सुवर्णपदके पटकावली. वरिष्ठ गटात त्याआधी एकाही भारतीयाला वैयक्तिक जगज्जेतेपद मिळाले नव्हते. तेव्हापासून राज्यात तिरंदाजीची चर्चा होते ती कोवळ्या वयाच्या खेळाडूंची, आणि ते साहजिक आहे. पण हा खेळ एकट्या तरुणांचा नाही. गुडघ्यांनी धावणे सोडायला लावले, बॅडमिंटनच्या कोर्टवर पाय साथ देईनासे झाले, तरी धनुष्य हाती धरता येते. चाळिशी-पन्नाशीत हा खेळ नव्याने सुरू करता येतो आणि सत्तरीतही चालू ठेवता येतो. त्यासाठी धनुष्य मात्र अंगाला झेपणारे हवे, आणि नेमकी तिथेच गाडी अडते. मैदानावर दोन तिरंदाज भेटले की 'किती पौंड ओढता?' ही विचारपूस आधी होते. बाण कुठे लागतात हे मागाहून. आकडा मोठा असला की माणूस पक्का समजला जातो आणि तो कमी केला की 'आता वय झालं' अशी नजर मिळते. या नजरेपायी कित्येक चांगले हात खेळातून लवकर बाहेर पडतात. माझे म्हणणे असे, की उतरत्या वयातल्या तिरंदाजाने आपले पौंडेज सरावाच्या शेवटच्या बाणावरून ठरवावे, आणि ते उतरवायचे असेल तर खांदा दुखायला लागण्याआधी उतरवावे.

आधी हा आकडा काय आहे ते पाहू, कारण तो बऱ्याचदा फसवा असतो. रिकर्व्ह धनुष्याच्या लिंबवर, म्हणजे वाकणाऱ्या भुजेवर, '३४ पौंड' असे छापलेले असते. त्याचा अर्थ इतकाच, की ठरावीक लांबीच्या धनुष्यावर दोरी २८ इंचांच्या मापापर्यंत ओढली तर बोटांवर ३४ पौंडांची, म्हणजे सुमारे साडेपंधरा किलोंची ओढ येते. ओढ एक इंचाने वाढली वा घटली की साधारण दोन पौंडांचा फरक पडतो. म्हणून २६ इंच ओढणाऱ्या ठेंगण्या माणसाला तेच लिंब तीस पौंडांच्या आसपास भरतात आणि ३० इंच ओढणाऱ्या उंच माणसाला अडतिसाच्या. दोघांच्या धनुष्यावर शिक्का एकच, खांद्यावरचा भार मात्र आठ पौंडांनी वेगळा. खरा आकडा मोजायला अवघड काहीच नाही. नेहमीच्या पवित्र्यात बाण पूर्ण ओढावा, सोबत्याने रायझरच्या (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाच्या) पुढच्या कडेशी बाणावर पेनाने खूण करावी. मग सामान तोलायला वापरतात तसला हुकाचा डिजिटल काटा दोरीत अडकवून खूण जागेवर येईपर्यंत ओढावे, काट्यावरचे वजन वाचावे आणि दोरी सावकाश परत न्यावी. बाणाविना दोरी सोडली तर लिंब तडकू शकतात. पाच मिनिटांचे हे काम आहे. ते न करता छापील आकड्यावर अभिमान बाळगणे किंवा खंत करणे, दोन्हीला आधार नाही.

जड धनुष्याचे आकर्षण आपल्याकडे जुने आहे. सीतास्वयंवरातले शिवधनुष्य उचलणे हीच आपल्या मनातली धनुर्धराची पहिली परीक्षा, नेम नंतर. पण त्याच परंपरेतली दुसरी बाजू आपण विसरतो. वसिष्ठाच्या नावावर असलेल्या धनुर्वेदसंहितेत धनुष्य धनुर्धराच्या बळाच्या मापाचे असावे, असेच सांगितले आहे. भिल्लांच्या तीरकामठ्यावर तर पौंडाचा आकडा कधी नव्हताच. बांबू तासून, वाकवून, ओढून पाहिला की हातालाच कळायचे. आणि उतरत्या वयात ताकदीचा हिशेब कसा मांडावा याचे उदाहरण हवे असेल तर ते आपल्या नगर जिल्ह्याच्या मातीत आहे. १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजा एकवटून निजामशाहीवर चालून आल्या तेव्हा मलिक अंबर पंचाहत्तरीच्या घरात होता. समोरचे बळ मोठे होते. त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या वाटेत चिखल केला, रात्रीच्या छाप्यांनी त्यांना हैराण केले आणि मग लढाई जिंकली. जहांगीर बादशहाने अबुल हसनकडून आपले एक चित्र काढून घेतले होते, त्यात तो मलिक अंबरच्या छाटलेल्या मस्तकावर बाण सोडताना दिसतो. प्रत्यक्षात मलिक अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. १६२६ मध्ये तो वार्धक्याने गेला. धनुष्याने सामर्थ्य मिरवणे आणि लक्ष्य साधणे यांतले अंतर या चित्राइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

आता सरावाचा हिशेब. मैदानी स्पर्धेतल्या एका फेरीत बहात्तर बाण असतात, सहा-सहाच्या बारा एंडमध्ये. बोटांवर ३५ पौंड येणाऱ्याने बहात्तर वेळा सुमारे १५.९ किलो ओढले, म्हणजे बेरीज ११४३ किलो, जवळजवळ साडेअकरा क्विंटल. तीच फेरी २८ पौंडांवर मारली तर बेरीज ९१४ किलो. फरक २२९ किलोंचा; पन्नास किलोंच्या कांद्याच्या साडेचार गोण्यांइतका. शिवाय सरावाचे बाण, मनासारखे न जमल्याने अर्ध्यातून परत आणलेली ओढ आणि पूर्ण ओढीवर काढलेले तीन-चार सेकंद या बेरजेत धरलेलेच नाहीत. विशीतल्या मुलाला हा फरक जाणवतही नाही. पंचावन्नाव्या वर्षी शेवटच्या चार एंडमध्ये काय होते ते या गोण्या ठरवतात. आणि हा सगळा भार एकाच दिशेने, एकाच सांध्यावर, त्याच त्या स्नायूबंधांवर पडतो. शेतातल्या किंवा घरातल्या कामासारखा तो अंगभर विभागला जात नाही.

खांद्याची रचना पाहिली की याचे गांभीर्य कळते. दंडाचे हाड खोबणीत धरून ठेवणारे चार छोटे स्नायू आणि त्यांचे बंध, ज्यांना डॉक्टर रोटेटर कफ म्हणतात, त्यांतला वरचा बंध खांद्याच्या हाडाच्या छपराखालच्या अरुंद फटीतून जातो. धनुष्य जड झाले की धनुष्याकडचा खांदा नकळत कानाकडे चढतो, ती फट आणखी आवळते आणि बंध घासला जातो. वयाबरोबर या बंधांचा रक्तपुरवठा आणि लवचिकता घटते. साठीनंतर कित्येकांच्या रोटेटर कफमध्ये फाटी असतात आणि त्यांना त्याची कल्पनाही नसते, कारण दुखत नसते. स्नायूंचे बळ तर तिशी-चाळिशीनंतर हळूहळू ओसरू लागते आणि पुढे तो वेग वाढतो. मधुमेही माणसाला खांदा आखडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त, आणि आपल्याकडे पन्नाशीपुढच्या किती घरांत मधुमेह आहे हे वेगळे सांगायला नको. रक्तदाबाचाही प्रश्न आहे: ओढ झेपत नसली की माणूस श्वास कोंडून धरतो आणि श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब क्षणात उसळतो. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे 'मेरी रोझ' हे जहाज १५४५ मध्ये बुडाले आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढले गेले. त्यात शंभरावर लांब धनुष्ये सापडली, ओढ शंभर पौंडांच्याही पुढची. सोबतच्या सांगाड्यांत खांद्याच्या टोकाचे हाड नीट न सांधलेले असण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा जास्त आढळले, आणि अभ्यासकांनी त्याचा संबंध पोरवयापासून ओढलेल्या जड धनुष्यांशी जोडला. सैन्यातल्या तरण्याबांड पुरुषांच्या हाडांवरही धनुष्य असा ठसा सोडते. आपल्याला तर कोणाचे चिलखत भेदायचे नाही.

पण आपल्याला किती झेपते हे ओळखायचे कसे? बहुतेक जण नवे लिंब दुकानात किंवा मित्राच्या धनुष्यावर एकदा ओढून बघतात आणि 'जमतंय की' म्हणतात. एकदा ओढणे ही परीक्षाच नव्हे. खरा पुरावा प्रत्येकाच्या गुणपत्रिकेत असतो. पहिल्या छत्तीस बाणांची बेरीज आणि दुसऱ्या छत्तीस बाणांची बेरीज शेजारी मांडावी, असे पाच-सहा फेऱ्यांसाठी करावे. दुसरा अर्धा भाग दरवेळी खाली घसरत असेल तर तो एकाग्रतेचा दोष म्हणून सोडून देऊ नये. टार्गेटवरचे बाण कसे पडतात तेही बघावे. थकलेला माणूस पूर्ण ओढीवर आत कोसळतो, बाण अर्धा-पाऊण इंच कमी ओढला जातो, म्हणजे पौंड-दीड पौंड ओढ कमी पडते, वेग घटतो आणि बाण खाली जातो. गट आडवा न पसरता उभा लांबतो. ओढ पूर्ण झाल्याची खूण देणारा क्लिकर लावणाऱ्याला त्याचा 'टक्' आवाज यायला उशीर होऊ लागतो. शरीरही बोलते: ओढ सुरू करताना धनुष्य आकाशाकडे जाते, कंबर मागे झुकते, हनुवटी दोरीकडे पुढे सरकते, साइटचा ठिपका पिवळ्यावर थांबायच्या आत बोटे सुटतात. फेरी संपल्यावर, म्हणजे दमलेल्या अवस्थेत, पूर्ण ओढून खांदा खाली ठेवून, श्वास चालू ठेवून दहा सेकंद स्थिर राहता आले, तर ते धनुष्य आपले. थरथर सुटली तर दोन ते चार पौंड उतरवावेत आणि महिनाभराने हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. दुखण्याची वाट पाहणे सर्वांत वाईट, कारण उतारवयात बंधाची दुखापत भरायला महिने जातात आणि तेवढ्या काळात सवयही मोडते.

यावर पहिला आक्षेप वाऱ्याचा, आणि नगरकरांनी तो घेणे रास्तच आहे. ज्या पठारावर पारनेरच्या कवड्या डोंगरावर आणि नगरजवळच्या खांडक्याला पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तिथे हळू जाणारा बाण वाऱ्याने जास्त सरकणार हे खरेच आहे. बाण जितका वेळ हवेत, तितका वारा त्याला ढकलतो. पण हे सरकणे बऱ्याच अंशी मोजता येते. बाण सारख्या वेगाने सुटत असतील तर वाऱ्यासाठी साइट सरकवता येते किंवा नेम बाजूला धरता येतो. बारीक नळीचा कार्बन बाण वापरून वाऱ्याचा धक्का कमीही करता येतो. न झेपणाऱ्या धनुष्याची चूक मात्र प्रत्येक बाणागणिक वेगळी असते, तिला साइट सरकवून उत्तर नाही. शिवाय वाऱ्यात झुळूक थांबेपर्यंत ओढ धरून ठेवणे किंवा सरळ परत आणून पुन्हा ओढणे ही चैन हलके धनुष्य असलेल्यालाच परवडते. जड धनुष्यवाला झुळकीतच बाण सोडून मोकळा होतो. अंतराचे म्हणाल तर, पन्नाशीपुढच्या रिकर्व्ह तिरंदाजांसाठी जागतिक महासंघाने ७० ऐवजी ६० मीटर अंतर ठेवले आहे, आणि हलक्या बाणांनिशी तीस-बत्तीस पौंडांत तिथवर व्यवस्थित पोहोचता येते. १८ मीटरच्या इनडोअर फेरीला किंवा ३० मीटरला तर त्याहून कितीतरी कमी पुरते. कंपाउंड धनुष्याला नियमांत ६० पौंडांची वरची मर्यादा आहे. खालची मर्यादा कोणत्याच धनुष्याला नाही आणि पौंडांसाठी कुठल्याही स्पर्धेत एक गुणही मिळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ओढ कमी केली की स्नायू आणखी ढिले पडतील, वयाशी झगडायचे तर भार पेलतच राहिले पाहिजे, असे म्हणणारे चुकीचे बोलत नाहीत. उतारवयात ताकदीचा व्यायाम हवाच. माझा वाद इतकाच आहे, की त्यासाठी धनुष्य हे साधन योग्य नाही. रबरी पट्टा, डंबेल, भिंतीला टेकून केलेले पाठीचे व्यायाम यांत भार मोजून वाढवता येतो, दोन्ही बाजूंना सारखा देता येतो, आठ-दहा वेळा करून थांबता येते आणि मध्ये एक दिवस विश्रांती घेता येते. धनुष्यावर हे सगळे उलटे: एकच बाजू, शेकडो आवर्तने, आणि सोबत नेम धरण्याचे बारीक काम. स्नायू आठवड्यांत बळ धरतात, बंधांना महिने लागतात. म्हणून आज ओढता येते एवढ्यावरून उद्या खांदा कुरकुरणार नाही असे मानता येत नाही. व्यायामाने खरोखर बळ वाढले तर दोन-दोन पौंडांनी पुन्हा वर जायला कोणाचीच आडकाठी नाही. या आक्षेपातला एक मुद्दा मात्र जसाच्या तसा मान्य करायला हवा. धनुष्य फार हलके केले तरी नुकसान होते. दोरी बोटांवरून झटकन निसटायला तिच्यात ताण लागतो. ताण कमी पडला की दोरी बोटांवर घुटमळते, बोटांची जरा जास्त हालचाल झाली तरी बाण बाजूला जातो. पाठीला काम लागत नसल्याने खेळ दंडावर येतो. तेव्हा सरळ बावीस पौंडांवर उतरून बसा असे माझे सांगणे नाही. शेवटच्या एंडलाही पाठ काम करते आहे हे जाणवेल आणि खांदा मात्र चढणार नाही, अशा पट्ट्यात राहायचे आहे, आणि तो पट्टा प्रत्येकाचा वेगळा.

खर्चाचा आक्षेप छोटा नाही, पण सोडवता येतो. बहुतेक रिकर्व्ह रायझरवर लिंबचे बोल्ट थोडे सैल करून मूळ ओढीच्या पाच ते दहा टक्के उतरवता येते. ३४ पौंडांचे धनुष्य काहीही विकत न घेता एकतीस-बत्तीसवर येते. बोल्ट किती फेरे सोडवायचे याची उत्पादकाने दिलेली मर्यादा मात्र पाळावी. त्याहून खाली जायचे तर लिंब बदलावे लागतात, पण रायझर, साइट, स्टॅबिलायझर तेच राहतात, आणि सरावाचे लाकडी-फायबरचे लिंब महागड्या कार्बन लिंबच्या तुलनेत बरेच स्वस्त असतात. बाणांचा विचार न करता लिंब बदलणे मात्र चूक ठरते. ओढ कमी झाली की तेच बाण धनुष्याला ताठ पडतात आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बाण डावीकडे जाऊ लागतात. जड टोक बसवून किंवा प्लंजर जुळवून थोडा फरक निघतो. मोठा फरक असेल तर मऊ नळीचे बाण घ्यावेत. 'मग सरळ कंपाउंडच का घेऊ नये?' असेही विचारले जाते. घ्यावे, उत्तम पर्याय आहे. ५० पौंडांच्या कंपाउंडला ७५ टक्के लेट-ऑफ, म्हणजे पूर्ण ओढीवर भारात होणारी घट, असेल तर पूर्ण ओढीवर साडेबाराच पौंड धरावे लागतात. पण तिथवर पोहोचताना ५० पौंडांची चढण खांद्याला ओलांडावीच लागते, आणि जखम होते ती त्या चढणीवर. तेव्हा कंपाउंडच्याही बोल्टला हीच कसोटी लावावी.

साठीतला अमुक माणूस अजून चव्वेचाळीस पौंड ओढतो, मग वयाची ही चर्चा कशाला, असेही कोणी म्हणेल. त्याने जरूर ओढावे. आयुष्यभर शेतात राबलेला साठीचा माणूस आणि वीस वर्षे खुर्चीवर बसलेला चाळिशीचा माणूस यांच्यात पहिल्याचा खांदा बळकट निघू शकतो. म्हणूनच वयाप्रमाणे पौंडांचा तक्ता करायला माझा विरोध आहे. कसोटी ज्याच्या त्याच्या शेवटच्या बाणाची. वय आणि नेम यांचे वैर नाही हे मात्र इतिहासात वारंवार दिसले आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये क्वीनी न्यूअल या त्रेपन्न वर्षांच्या बाईंनी ६० आणि ५० यार्डांवरच्या फेऱ्यांत सुवर्णपदक मिळवले. दुसरी आली ती लॉटी डॉड, पाच वेळा विम्बल्डन जिंकलेली आणि वयाने सतरा वर्षांनी लहान. जपानच्या हिरोशी यामामोतोने १९८४ मध्ये ऑलिंपिकचे कांस्य जिंकले आणि वीस वर्षांनी, एक्केचाळिसाव्या वर्षी, अथेन्समध्ये रौप्य. दुसऱ्या कोणत्या ऑलिंपिक खेळात दोन पदकांमध्ये इतका काळ जाऊ शकतो? फार थोड्यांत.

म्हणून जिल्ह्यातल्या प्रशिक्षकांना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, पन्नाशीपुढच्या प्रत्येक तिरंदाजाच्या नोंदवहीत काट्यावर मोजलेली ओढ आणि फेरीच्या दोन अर्ध्या भागांचे गुण वर्षातून दोनदा लिहून ठेवावेत, आणि मधुमेह-रक्तदाब असलेल्याने नवे लिंब चढवण्याआधी डॉक्टरांना खांदा दाखवावा. दुसरी, स्थानिक स्पर्धेत या वयाला स्वतंत्र गट द्यावा. नाहीतर सत्तर मीटरची रांग गाठण्यासाठीच लोक झेपत नसलेले लिंब चढवतात. त्यासाठी वेगळे मैदान लागत नाही की वेगळे साहित्य. अठरा वर्षांखालचे रिकर्व्ह खेळाडू ६० मीटरवरून १२२ सेंटिमीटरच्या टार्गेटवर बाण मारतात आणि पन्नाशीपुढच्यांसाठी जागतिक नियमातले अंतर आणि टार्गेट अगदी तेच आहे. मुलांची फेरी संपली की त्याच रांगेवर, त्याच स्टँडसमोर आई-वडिलांच्या आणि आजोबांच्या पिढीला उभे करता येईल. प्रवेशअर्जात एक रकाना तेवढा वाढवावा लागेल.